वाघ दिसला नाही तर?



शाळांना सुट्या लागल्या की नागपूर, पुणे, मुंबईकडची कितीतरी कुटुंबं चंद्रपूरच्या दिशेनं निघतात. कारण अर्थातच ताडोबा. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं आणि १९९५ पासून व्याघ्र प्रकल्प असलेलं हे जंगल. मोहर्ली, कोलारा अशा प्रवेशद्वारांपाशी पहाटे जिप्सी गाड्यांची रांग लागते. टोप्या, दुर्बिणी, कॅमेरे, अर्धवट झोपेतली मुलं आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न : आज दिसेल का?

करमणूक उद्यानातला पाळणा आणि ही जिप्सी यांत बरंच साम्य आहे. तिकीट काढायचं, बसायचं, फिरून यायचं आणि उतरायचं. फरक इतकाच, की पाळणा हमखास वर जातो. वाघ मात्र आपल्या मर्जीचा मालक. तो दिसला तर आनंदच आहे. नाही दिसला, की परतीच्या वाटेवर गाडीत कुणीतरी म्हणतं, "पैसे पाण्यात गेले." मुलं ते ऐकत असतात. वाघ नसेल तर जंगलात बघण्यासारखं काही नसतं, एवढंच मग ती शिकतात.

आता साधा हिशेब करू. एक सफारी साडेतीन-चार तासांची. तीन दिवसांच्या मुक्कामात दोन सफारी झाल्या, तरी ते आठ तास होतात. उरलेल्या वेळेचं काय? बहुतेक ठिकाणी तो पोहण्याच्या तलावात आणि मोबाइलवर जातो. या उरलेल्या वेळाबद्दल मला आज बोलायचं आहे.

सुरुवात जिप्सीतूनच करू. सोबतचा मार्गदर्शक हा बहुधा जंगलालगतच्या गावातला असतो. या कामात आता स्त्रियाही आहेत. त्यांना "वाघ कुठं आहे?" याखेरीज दुसरं काही विचारा, असं मुलांना सांगा. तुमचं गाव कोणतं? लहानपणी जंगलात काय काय खाल्लं? या झाडाला तुमच्याकडं काय म्हणतात? ऐन, बीजा, धावडा, मोह, तेंदू ही नावं वहीत उतरवायला लावा. मारुती चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये आपल्यातून गेले. त्यांनी आयुष्यभर हेच केलं. वनखात्यात नोकरी करता करता ते रानातल्या माणसांकडून शिकत राहिले. बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' म्हणायला मराठी वाचक त्यांच्यामुळं शिकले. आपल्या मुलानं सुट्टीत वीस नवे शब्द जरी आणले, तरी ते वाघाच्या फोटोपेक्षा जास्त दिवस टिकतील.

ताडोबा या नावाचीही गोष्ट आहे. तारू नावाचा एक गावप्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला आणि लोकांनी त्याला देव मानलं, असं इथले आदिवासी सांगतात. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. म्हणजे ज्या नावानं आपण वाघ बघायला येतो, ते नावच मुळी वाघानं मारलेल्या माणसाचं आहे.

ही फक्त जुनी दंतकथा नाही, हे मुलांना, निदान जाणत्या मुलांना, सांगायला हवं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात. ती वेचायला बायका दिवस उजाडायच्या आत रानात जातात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. पहाटे पानं तोडायची, घरी आणून सत्तर पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन द्यायचा. त्या थोड्या दिवसांच्या कमाईवर घरातली पुढची बरीच गरज भागते. आपल्या उन्हाळी सुट्टीचे आणि या हंगामाचे दिवस एकच, पहाटेची वेळही एकच. आपण वाघ दिसावा म्हणून निघतो, त्या बाया वाघ दिसू नये म्हणून देवाचं नाव घेऊन निघतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. मुलांना घाबरवण्यासाठी हे सांगायचं नाही. वाघ वाचला, याची किंमत कुणी मोजली आहे, ते कळावं म्हणून सांगायचं. मुक्कामाच्या गावात तेंदूचे पुडे बांधणं चाललं असेल, तर विचारून घटकाभर तिथं बसा. सत्तर पानं मोजून एक पुडा बांधायला आपल्याला किती वेळ लागतो, ते मुलांना करून पाहू द्या.

आता चंद्रपूर शहराकडं येऊ. ताडोब्याचे पाहुणे या शहरातून नुसते जातात. खरं तर ही गोंड राजांची राजधानी. राजाच्या शिकारी कुत्र्याचाच एका सशानं पाठलाग केला. राणी म्हणाली, ही जागा पराक्रमी आहे, इथंच नगर वसवा. मग ससा ज्या वाटेनं धावला, त्या वाटेनं तट बांधला गेला, अशी कथा आहे. मुलांना याहून चांगली गोष्ट कुठली सांगणार? सुमारे अकरा किलोमीटरचा तो तट, जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा हे चार दरवाजे आजही उभे आहेत. दरवाजावर कोरलेलं, हत्तीवर मात करणाऱ्या सिंहाचं गोंड राजचिन्ह मुलांना शोधू द्या. २०१७ साली इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी या तटावरची झाडंझुडपं आणि कचरा महिनोन् महिने श्रमदानानं काढला, हेही सांगा. राणी हिराईनं पती बीरशहासाठी बांधलेली समाधी, महाकालीचं देऊळ आणि लालपेठ भागात उघड्यावर असलेल्या अजस्र दगडी मूर्ती, हे सगळं एका सकाळीत होतं. मात्र मे महिन्यात इथं पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो. म्हणून उजाडता उजाडता निघा आणि दहाच्या आत सावलीत या.

हाताशी आणखी दोन दिवस असतील तर वैनगंगा ओलांडा. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा तिथं सुरू होतो. चामोर्शी तालुक्यात नदीकाठी मार्कंडा देवस्थान आहे. तिथल्या भिंतींवरचं कोरीवकाम पाहायला मुलांना कागद-पेन्सिल घेऊन बसवा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली आपल्या सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथं ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीनं होतात. नागरिकशास्त्राचं पुस्तक वाचून जे कळत नाही, ते इथं कळेल. आधी ग्रामसभेला विचारून, वेळ ठरवून जा. अगदी दक्षिणेला, सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले आहेत. याच प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात 'बरापासॉरस' हा डायनासोर मिळाला. 'बरा पा' म्हणजे मोठा पाय. त्याचा सांगाडा कोलकात्याला उभा आहे.

उन्हाळा नको असेल तर दिवाळीनंतर या. भात कापून झालेला असतो, गावोगाव मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडसा हे या नाटकमंडळ्यांचं माहेरघर. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. घोंगडी-चादर घेऊन, आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळं घर नाटकाला येतं. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आपल्या मुलांनी मांडवात बसून एक नाटक पाहिलं, मधेच झोपली, गाण्याला पुन्हा उठली, तरी ती सहल सार्थकी लागली म्हणायची.

दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. मार्गदर्शकाशिवाय पायी जंगलात शिरू नये, अगदी रस्त्याकडेच्या झुडपातसुद्धा नाही. आणि माडिया-गोंड गावांत गेल्यावर आधी 'जोहार' करावा, परवानगी घ्यावी, मगच कॅमेरा काढावा. आपल्या अंगणात अनोळखी माणसं न विचारता फोटो काढू लागली, तर आपल्याला आवडेल का?

ताडोब्याचा गाभा पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर बंद असतो आणि एरवी मंगळवारी. तेव्हा बेत आखताना चार सफारींऐवजी एक किंवा दोन धरा. राहिलेल्या पैशांतून आणि वेळातून गावातल्या खाणावळीत जेवा, तट चाला, नदीत पाय सोडून बसा. वाघ दिसला तर उत्तमच. नाही दिसला, तरी घरी गेल्यावर आजोबांनी "काय पाहिलंत रे?" असं विचारलं, की मुलांजवळ सांगायला पुष्कळ असेल.