कंबरेचा घेर आणि आरोग्याचा हिशेब
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. संमेलनाचे भोजन नुकतेच आटोपले आहे, अशा वेळी पोटाच्या घेराविषयी बोलणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल, हे आम्ही जाणून आहोत. तथापि हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीने तो आमच्या गळी उतरविला आहे.

आमचे थोरले मेव्हणे अंगाने सडपातळ. दर दिवाळीस भेट झाली की ते थट्टेने विचारीत, "डॉक्टर, आमची प्रकृती कशी?" आम्ही त्यांच्या उंचीकडे व वजनाकडे पाहून सांगत असू, "उत्तम. आपल्यासारख्या सडसडीत माणसास कसली चिंता?" सदऱ्याखाली त्यांचे पोट हळूहळू पुढे येत होते, ते आम्ही पाहिले नाही असे नाही. 'वयोमानाने पोट सुटायचेच' असे म्हणून आम्ही ते सोडून दिले. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांच्या पायाची जखम भरून येईना, तेव्हा रक्त तपासले आणि मधुमेह फार वाढल्याचे कळले. दोन बोटे गमवावी लागली. ते आज या सभागृहात बसले आहेत आणि हा वृत्तान्त येथे सांगावा, असा त्यांचाच आग्रह आहे. पाच रुपयांच्या फितीने जे कळले असते, ते आम्ही वजनकाट्यावर विसंबल्यामुळे राहून गेले.

वजनकाटा खोटे बोलत नाही, परंतु तो अर्धेच सांगतो. शरीरात चरबी किती आहे याहून ती कोठे साठली आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. फ्रान्समधील मार्सेय येथील वैद्य झां व्हाग यांनी १९४७ साली ही गोष्ट प्रथम ठासून मांडली. मांड्या व नितंब यांवर चरबी असणाऱ्यांपेक्षा पोटावर चरबी असणाऱ्यांत मधुमेह व रक्तवाहिन्यांचे विकार अधिक आढळतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे स्वीडनमधील गोटेनबर्ग शहरी ५४ वर्षे वयाच्या ७९२ पुरुषांची कंबर व नितंब मोजून त्यांच्यावर तेरा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. १९८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांची कंबर नितंबांच्या मानाने मोठी, त्यांच्यात हृद्रोग व पक्षाघात यांचे प्रमाण अधिक होते.

याचे कारण असे. त्वचेखाली साठणारी चरबी बहुतांशी निरुपद्रवी कोठारासारखी असते. परंतु पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती साठणारी चरबी फार चंचल. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या रक्तात मिसळून थेट यकृतावर आदळतात. इन्शुलिनचे कार्य मंदावते, रक्तातील साखर व मेद वाढू लागतो. ही चरबी आरशात दिसतेच असे नाही.

आपणा भारतीयांस हा विषय विशेष लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा अंक दोघांचाही एकच, २२.३. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के! वरून कृश, आतून मेदयुक्त असा आपला बांधा असतो. आमच्या मेव्हण्यांचे उदाहरण हेच सांगते.

आता माप कसे घ्यावे ते सांगतो. शिंप्याची न ताणणारी फीत घ्यावी. शेवटच्या बरगडीची खालची कड व कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपून दोहोंच्या बरोबर मध्यावर फीत धरावी. पावले जवळ, हात सैल, पोट आत न ओढता सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचावा. नंतर नितंबांचा घेर जेथे सर्वांत अधिक तेथे मोजावे. फीत जमिनीस समांतर असावी व अंगात रुतू नये. प्रत्येक माप दोन वेळा घ्यावे. पुरुषांनी पाटलोणीच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. पोट वाढले की पाटलोण खाली उतरते आणि आकडा वीस वर्षे तोच राहतो. लेंग्याची व परकराची नाडी तर कोणतीच साक्ष देत नाही.

कंबरेच्या मापास नितंबांच्या मापाने भागावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हे गुणोत्तर पुरुषांत ०.९० व स्त्रियांत ०.८५ किंवा त्याहून अधिक असल्यास धोका बराच वाढतो. भारतीयांकरिता नुसत्या कंबरेची मर्यादा पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटीमीटर मानली जाते. उदाहरणार्थ, १६६ सेंटीमीटर उंची व ६२ किलो वजनाचा गृहस्थ घ्या. वजनाचा अंक २२.५, म्हणजे काट्याच्या दृष्टीने निर्दोष. परंतु कंबर ९२ व नितंब ९४ असतील, तर गुणोत्तर ०.९८ येते. काटा शाबासकी देतो, फीत सावध करते.

फितीच्याही मर्यादा आहेत. आतील चरबी व त्वचेखालील चरबी तिला वेगळी ओळखता येत नाही. त्याकरिता सीटी स्कॅनसारखी तपासणी लागते. कंबर व नितंब एकत्र वाढले, तर गुणोत्तर जागचे हलत नाही. म्हणून केवळ भागाकार न लिहिता दोन्ही मापे लिहावीत. आणखी एक सोपी कसोटी म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. वरील गृहस्थांची कंबर त्या हिशेबाने ८३ च्या आत हवी. फीत रोगनिदान करीत नाही. मर्यादा ओलांडलेल्याने रक्तातील साखर, मेद व रक्तदाब तपासून घ्यावा, एवढेच ती सांगते.

भगिनींकरिता दोन शब्द. नितंब व मांड्या भरलेल्या असणे हा स्त्रीदेहाचा सहज धर्म आहे, तो दोष नव्हे. मात्र मासिक पाळी थांबल्यानंतर चरबीचा ओघ पोटाकडे वळतो, म्हणून त्या वयापासून वर्षातून दोनदा तरी फीत काढावी.

आणि एक स्पष्ट विनंती. आपल्या मंडळाची वधूवर सूची आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. ही मापे त्या सूचीत कधीही शिरू नयेत. मुलीची पारख करण्यासाठी ही फीत नाही. ती मुलीच्या पित्याने व वराच्या पित्याने आधी स्वतःभोवती गुंडाळावी.

उपाय नवे नाहीत. नित्य भरभर चालणे, ताटातील भात व गोड आवरते घेणे, डाळी, उसळी, भाजी वाढविणे, तंबाखूस रजा आणि पुरेशी झोप. व्यायामाने कधी वजन फारसे उतरत नाही, तरी कंबर उतरते, कारण पोटातील चरबी तुलनेने लवकर हलते. हा दिलासा फीतच देऊ शकते.

आपल्या घरोघरी जमाखर्चाची वही चोख असते. तिच्या शेवटच्या पानावर घरातील प्रत्येक प्रौढाची ही दोन मापे तारखेसह लिहावीत, एवढेच मागणे आहे. आज बाहेरच्या दालनात दोन मेजे मांडली आहेत. भगिनींची मापे भगिनीच घेतील. पहिले नाव आमच्या मेव्हण्यांनी स्वतः नोंदविले आहे, दुसरे आमचे आहे. तिसरे कोणाचे, ते आपण ठरवावे.