स्वागताध्यक्षांचे भाषण



श्रीसिद्धरामेश्वरांच्या या नगरीत, स्वरलिपिबद्ध बंदिशींच्या संशोधित आवृत्तींचा विचार करण्यासाठी आपण दूरदूरहून आलात, याबद्दल समस्त सोलापूरकरांच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत करतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे येथील चार सुपुत्र १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फासावर गेले. त्या हौतात्म्यामुळे आणि कापडगिरण्यांमुळे हे गाव सर्वांस ठाऊक आहे. परंतु ग्रंथसंपादनाची या गावाने केलेली सेवा पुष्कळांस अपरिचित असते, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द अगत्याने सांगतो.

ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी हे सोलापूरचे. न्यायाने मिळविलेल्या द्रव्याचा विनियोग कसा करावा, याविषयी देशभरच्या पंडितांची मते घेऊन त्यांनी १९४१ साली गजपंथ येथे विद्वानांची सभा भरविली, जैन संस्कृति संरक्षक संघ स्थापून त्यास तीस हजार रुपये दिले, आणि १९४४ मध्ये सुमारे दोन लाखांची आपली सारी मिळकत त्याच्याच हवाली केली. संघाच्या ग्रंथमालेत डॉ. आदिनाथ उपाध्ये व डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेल्या ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग १९४३ साली निघाला. हस्तलिखिते ताडून पाहावीत, स्वीकारलेला पाठ वर आणि भिन्न पाठ खाली द्यावेत, ही शिस्त त्या पानापानावर दिसते.

संगीतशास्त्रात माझा अधिकार नाही. तथापि पंडित भातखंडे यांनी ठिकठिकाणच्या गवयांकडून मिळवून ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत लिपिबद्ध केलेल्या चिजांनाही हीच शिस्त हवी, एवढे मी जाणतो. भैरवातील ऋषभाखालची आडवी रेघ छपाईत गळाली, तर कोमल स्वर शुद्ध होऊन राग मोडतो. ती रेघ मुद्रितशोधकाने परत घातलीच पाहिजे. उलट, एकच अंतरा दोन घराण्यांत निराळा गायिला जात असेल, तर तो पाठभेद होय. त्यास तळटिपेत मानाची जागा मिळावी.

येथील ऊन कडक आणि पाण्याची नेहमीच ओढ; निवासाच्या खोल्याही अपुऱ्या पडल्या, त्यामुळे वयोवृद्ध प्रतिनिधींस दाटीने राहावे लागत आहे. या सर्व उणिवांची क्षमा असावी. चाटी गल्लीतील कापडव्यापारी, बाजारपेठेतील अडते, यंत्रमागधारक, पाण्याचे टँकर पुरविणारे गृहस्थ, पहाटेपासून कडक भाकरी व शेंगाचटणी करणाऱ्या भगिनी आणि आपापल्या घरच्या सतरंज्या, तंबोरे आणून देणारे शेजारी, या सर्वांचा स्वागतसमिती कायमची ऋणी आहे.

पाठभेद नोंदविण्याची सर्वमान्य रीत या परिषदेत ठरली, तर जीवराजांच्या गावी ही सभा भरल्याचे सार्थक होईल. अध्यक्षमहाराजांनी कामकाजास आरंभ करावा, ही विनंती.