वास्तुविशारद अच्युत कानविंदे : बांधून घेणारा आणि वापरणारा

(पांडेसरा येथील व्याख्यान)



इमारत बांधून घेणारा एक असतो आणि तिच्यात दिवस काढणारा बहुधा दुसराच. पांडेसऱ्यात हे निराळे सांगावयास नको. येथील औद्योगिक वसाहतीत कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांतून खानदेशची असंख्य माणसे राबतात. परंतु गिरणीचा आराखडा कागदावर उमटतो, तेव्हा ती माणसे तेथे नसतात. त्यांची आठवण वास्तुविशारदानेच ठेवावयाची असते. अच्युत कानविंदे यांच्या कार्याचे स्मरण येथे उचित ठरते ते यासाठी.

कानविंदे यांचा जन्म १९१६ साली कोकणातील आचरे या गावी झाला. वडील चित्रकार होते. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत वास्तुकलेचे शिक्षण घेऊन ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत रुजू झाले. पुढे शासनाने त्यांना अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पाठविले. तेथे वॉल्टर ग्रोपियस हे त्यांचे गुरू. १९४७ साली ते मायदेशी परतले.

गुजरातेशी त्यांचा संबंध कापडामुळेच जडला. अहमदाबादच्या गिरणीधंद्याने स्थापिलेल्या 'अटिरा' या संशोधनसंस्थेची इमारत त्यांनी रचली. संस्थेची धुरा तेव्हा विक्रम साराभाई यांच्याकडे होती. धनिकांचा आश्रय असूनही त्या वास्तूत घुमट-कमानींचा डामडौल नाही; प्रयोगशाळेचे काम सुकर व्हावे, हीच तिची शोभा.

१९५५ साली शौकत राय यांच्यासह त्यांनी दिल्लीत स्वतंत्र व्यवसाय आरंभिला. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा परिसर त्यांनीच आखला. संस्थेचे पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर हेही मराठी. उत्तरेकडच्या कडक उन्हात विद्यार्थ्याला एका इमारतीतून दुसरीत सावलीतून जाता यावे, म्हणून छायाच्छादित पादमार्गांनी इमारती जोडल्या आणि वाहने बाहेरच्या अंगास ठेवली. तेथील ग्रंथालयास आज केळकरांचे नाव आहे.

मेहसाणा येथील दूधसागर डेअरीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. सत्तरच्या दशकात उभ्या राहिलेल्या या वास्तूचे मालक म्हणजे खेड्यापाड्यांतील दूध उत्पादकांचा सहकारी संघ. आतली उष्णता बाहेर पडावी म्हणून योजलेल्या वायुवीजनाच्या उंच धारा छपरावर उभ्या राहिल्या आणि त्यांनीच इमारतीला रूप दिले. कामगाराची सोय आणि वास्तूचे सौंदर्य येथे वेगळे काढता येत नाही.

त्यांच्या मार्गालाही मर्यादा होत्या. उघडे काँक्रीट आपल्या ऊन-पावसात काळवंडते, निगराणी मागते. तरीही प्रथम काम समजून घ्यावे आणि मग रेघ ओढावी, ही त्यांची शिस्त मोलाची आहे. १९७४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००२ साली त्यांचे निधन झाले.

ग्रंथालयाची वास्तूही देणगीदारांच्या औदार्यातून उभी राहते. पाळी संपवून वर्तमानपत्र वाचावयास येणाऱ्या कामगाराला तेथे उजेड, वारा आणि संकोच न वाटता बसावयास जागा मिळते काय, हे मात्र विश्वस्तांनी आराखडा संमत करण्यापूर्वीच विचारले पाहिजे.