रुग्णशय्येजवळचें गाणें

दुःखाचा भार हलका करण्यासाठीं गाणें, ही कल्पना खानदेशास परकी नाहीं. पहाटेच्या अंधारांत जात्याचा खुंटा धरून बसलेल्या स्त्रीच्या तोंडीं ओवी येई, ती कोणाच्या मनोरंजनासाठीं नव्हे. पायलीभर ज्वारी समोर असे, हातास रग लागे. परंतु ओवीच्या लयीबरोबर जातें फिरूं लागलें म्हणजे दळण केव्हां सरलें हें कळत नसे. जळगांवाजवळील असोदें येथें १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. तिसाव्या वर्षीं त्यांना वैधव्य आलें. घरांत व शेतांत राबतां राबतां त्यांनीं जीं गाणीं रचिलीं, तीं त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. आखाजीच्या झोक्यावरचीं आणि कानबाईच्या रात्रीं म्हटलीं जाणारीं गाणींही अशाच राबत्या बायकांच्या कंठांतलीं. श्रमाचा शीण ज्या गाण्यानें हलका होई, त्याचा कर्करोगानें पीडलेल्या माणसास कांहीं उपयोग होईल काय, एवढाच येथें विचार करावयाचा आहे.

प्रथम मर्यादा सांगितली पाहिजे. गाण्यानें कर्करोगाची गांठ विरत नाहीं. ती काढावयाची तर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधें हेच मार्ग. परंतु हा रोग एकटा येत नाहीं; वेदना आणि भीति या दोघींना तो सोबत घेऊन येतो. जळगांव-धुळ्याकडील पुष्कळ रोगी परळ येथें १९४१ सालीं सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरितात. परकें शहर, तपासणीच्या निकालाची प्रतीक्षा, घरीं टाकून आलेलीं मुलेंबाळें, पैशाची विवंचना! भीतीनें शरीर ताठतें, श्वास उथळ होतो, झोप उडते. आणि झोप उडालेल्या माणसास तीच वेदना दुप्पट भासते. वेदना वाढली कीं भीति आणखी वाढते. हें चक्र कोठें तरी तोडावयास हवें, आणि तेथें संगीताचा हात पोहोंचतो.

तो कसा पोहोंचतो? १९६५ सालीं मेलझॅक आणि वॉल या दोघां शास्त्रज्ञांनीं असा सिद्धान्त मांडला कीं, वेदनेचा निरोप शरीराकडून मेंदूकडे जातांना वाटेंत, पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत, जणूं एक दार लागतें. केळीच्या बागेंत दारें धरणारा माणूस पाटाचें पाणी कोठें सोडतो, कोठें मातीचा ढेकूळ ठेवून अडवितो. तद्वत् मेंदू हें दार कमीअधिक उघडूं शकतो. भयानें तें सताड उघडतें, मन अन्यत्र रमलें म्हणजे तें पुष्कळसें लोटलें जातें. या सिद्धान्ताच्या तपशिलांत पुढें दुरुस्त्या झाल्या, परंतु मनाच्या स्थितीप्रमाणें वेदना कमीजास्त होते, हा त्यांतील गाभा टिकून राहिला. संथ लयीचें गाणें श्वासास आपल्या मागून नेतें आणि मनास धरावयास एक दोरी देतें.

असो; सिद्धान्त कितीही सुबक असला तरी अनुभवाच्या कसोटीस उतरला पाहिजे. वैद्यकीय प्रयोगांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनें २०२१ सालीं कर्करोग आणि संगीत या विषयावरील ८१ प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत एकंदर ५,५७६ रोगी होते. प्रौढ रोग्यांची चिंता संगीतानें बरीच आणि वेदना मध्यम प्रमाणांत कमी होत असावी, असा त्याचा निष्कर्ष आहे. मात्र गाणें ऐकणाऱ्यास आपण गाणें ऐकतों हें ठाऊक असतेंच, त्यामुळें असल्या प्रयोगांत पूर्ण निश्चिति येत नाहीं, हेंही त्या आढाव्यांत स्पष्ट केलें आहे. तानसेनाच्या दीपक रागाच्या आख्यायिका ऐकावयास गोड आहेत. परंतु अमुक रोगावर अमुक राग अशीं जीं कोष्टकें छापलीं जातात, त्यांस या पुराव्यांत आधार नाहीं.

या उपचाराचे दोन प्रकार आहेत. एकांत शिक्षण घेतलेला संगीतोपचारक रोग्यापाशीं बसून त्याच्याबरोबर गातो, वाजवितो, त्याचे बोल ऐकतो. अमेरिकेंतील मिशिगन येथें १९४४ सालीं या विद्येचें विद्यापीठीय शिक्षण सुरू झालें. दुसऱ्यांत रोगी ध्वनिमुद्रित संगीत नुसतें ऐकतो. पहिला प्रकार लहान गांवीं दुर्मिळ; दुसरा कोणत्याही घरीं साध्य आहे.

तथापि आपल्या घरांतून घडतें काय? रोगी आला कीं सर्वजण दबक्या आवाजांत बोलूं लागतात, रेडिओ बंद होतो. अथवा कोणी उत्साही आप्त स्वतःच्या आवडीचीं भजनें दिवसभर लावून ठेवितो. दोन्ही चूक. निवड रोग्याची असावी. एखाद्या आजीबाईस अहिराणींतलीं आखाजीचीं गाणीं हवीं असतील, तर एखाद्या निवृत्त कारकुनास बालगंधर्वांचीं नाट्यपदें. वीस-तीस मिनिटें पुरे. आवाज बेताचा असावा. सिस्प्लॅटिनसारख्या औषधानें कानांत गुणगुण सुरू होते, कधीं ऐकूंही कमी येतें, म्हणून आवाज किती ठेवावा हें त्यालाच विचारावें. जुन्या गाण्यानें डोळे भरून आले तर घाबरूं नये, पण 'पुरे' म्हणतांच तें थांबवावें.

तंबाखूच्या व्यसनामुळें आपल्या देशांत पुरुषांना तोंडाचा कर्करोग फार होतो. जिभेवर शस्त्रक्रिया झालेल्या वारकऱ्यास पूर्वीप्रमाणें अभंग म्हणतां येत नाहीं, हें दुःख व्रणाहून लहान नसतें. अशा वेळीं घरच्यांनीं म्हणावें आणि टाळ त्याच्या हातीं द्यावा. वाणी गेली तरी लय जात नाहीं.

शेवटीं एक इशारा. गाणें लावलें म्हणून वेदनेची गोळी चुकवूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८६ सालींच कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीनें औषध वाढविण्याची रीत घालून दिली असून तीव्र वेदनेसाठीं तींत मॉर्फिन सांगितलें आहे. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यांतील कडक अटींमुळें तें मिळणें दुष्कर झालें होतें. २०१४ सालीं दुरुस्ती होऊन त्या सैल झाल्या. तरीही व्यसन लागेल या धास्तीनें कित्येक कुटुंबें आपल्या माणसास तळमळूं देतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं योग्य मात्रेंत घेतलेल्या औषधाविषयीं ही धास्ती बहुधा निराधार असते. वेदना मुकाट्यानें सोसणें हें पुण्य नव्हे, आणि ती सोसावयास लावणें हें तर मुळींच नव्हे. औषध प्रथम, गाणें त्याच्या जोडीला.

हा रोग माणसाच्या हातून एक एक निवड काढून घेतो. केव्हां उठावें, काय खावें, कोणत्या दिवशीं सुई टोंचून घ्यावी, हें सारें दुसरे ठरवितात. म्हणून उशापाशीं बसणाऱ्यानें रोज एकदां विचारावें, 'आज काय ऐकावेंसें वाटतें?' तेवढ्या एका प्रश्नानें तो क्षणभर रोगी न राहतां पुन्हां घरांतलें माणूस होतो.