रविवार कोणी मिळवला?

(रौप्यमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



मी बँकेतला माणूस, त्यामुळे जमा-खर्चाच्या भाषेतच बोलतो. शरीर दमलं की झोपेने भरून निघतं. मन थकलं की झोपूनही शीण जात नाही, चिडचिड होते, आवडीच्या कामातही लक्ष लागत नाही. जमा काहीच नाही, नुसती उचल! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली 'बर्नआउट' ही कामाच्या सततच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून नोंदवली. तो आळस नव्हे.

भिवंडीतल्या यंत्रमागवाल्याला हे वेगळं सांगायला नको. ताणा फार ओढला की धागा तुटतो. मग माग थांबवून गाठ मारावीच लागते.

आपला रविवारही फुकट मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली त्यांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. घरातल्या बाईला मात्र ती अजून मिळायची आहे. उलट, त्या दिवशी तिची कामं दुप्पट!

म्हणून एक सूचना करतो. रविवारी दुपारी दोन ते चार सोसायटीत ड्रिल नको, लाऊडस्पीकर नको, मीटिंग नको. आणि चारचा चहा पुरुषांनी करावा. एवढं करूनही कोणाचा शीण आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर 'टेली-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. त्यात लाज कसली?