स्पर्धा स्वतःशी

(क्रीडा पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



आज ज्यांनी बक्षिसे मिळवली त्यांचे मी मनापासून अभिनंदन करतो. परंतु मला बोलायचे आहे ते ज्यांचे हात रिकामे राहिले त्यांच्याशी. शर्यतीत तीस मुले धावली तरी क्रमांक तीनच निघतात. उरलेल्या सत्तावीस जणांनी धावणे सोडून द्यावे काय? आपल्याकडे बहुधा तसेच घडते. शाळा सुटली की मैदान सुटते. मुलींचे तर त्याआधीच सुटते.

म्हणून अजमेरच्या सूफिया खान यांची हकीकत सांगतो. ‘सूफिया सूफी’ या नावाने त्या ओळखल्या जातात. त्या दिल्लीच्या विमानतळावर नोकरी करीत होत्या. २०१७ च्या सुमारास प्रकृती चांगली राहावी एवढ्याच हेतूने त्या धावू लागल्या. लहानपणापासूनची तालीम नव्हती, नामांकित खेळाडू म्हणून कोणी त्यांची निवडही केलेली नव्हती. अंतर मात्र त्या वाढवीत गेल्या. २०१८ साली दिल्ली, आग्रा, जयपूर आणि परत दिल्ली असे सुमारे ७२० किलोमीटर त्या सोळा दिवसांत धावल्या. २०१९ साली काश्मीर ते कन्याकुमारी हे चार हजारांवर किलोमीटरचे अंतर त्यांनी ८७ दिवसांत पुरे केले. १६ डिसेंबर २०२० रोजी त्या दिल्लीहून पुन्हा निघाल्या आणि मुंबई, चेन्नई, कोलकाता ही महानगरे जोडणारा सुवर्ण चतुष्कोन पायी पार करून ६ एप्रिल २०२१ रोजी दिल्लीस परतल्या. त्याच वर्षी मनाली ते लेह हा मार्गही त्यांनी सुमारे साडेसहा दिवसांत पुरा केला. बारालाचा आणि तंगलंग या खिंडी त्याच वाटेवर आहेत. सोळा हजार फुटांच्या वर, जिथे नुसते चालतानाही धाप लागते.

यांपैकी कोणत्याही धावेत त्यांच्या शेजारी प्रतिस्पर्धी नव्हता. मार्ग त्यांनीच निवडला, मुदत त्यांनीच ठरवली.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे गणित करू. चार हजार किलोमीटरला ८७ ने भागा. रोजचे सुमारे ४६ किलोमीटर येतात. मॅरेथॉन शर्यत ४२.१९५ किलोमीटरची असते. म्हणजे रोज एका मॅरेथॉनहून अधिक! चार हजारांचा आकडा ऐकून छाती दडपते, परंतु चार हजार किलोमीटर कोणीच एका दिवशी धावत नाही. आजचा वाटा आज संपवायचा, जेवायचे, झोपायचे आणि सकाळी पुन्हा निघायचे. वर्षाचा अभ्यास मार्च महिन्यात एकदम उरकू पाहणाऱ्यांनी हा हिशेब वहीत लिहून ठेवावा.

दुसरे उदाहरण वडीलधाऱ्यांसाठी. जालंधरजवळच्या बियास पिंड गावचे शेतकरी फौजा सिंग उतारवयात मुलाच्या मृत्यूचे दुःख पचवीत इंग्लंडमध्ये राहत होते. ते दुःख हलके करण्यासाठी ते धावू लागले. २००० साली लंडनची मॅरेथॉन त्यांनी पुरी केली, तेव्हा त्यांचे वय ८९ सांगितले गेले. २०११ साली टोरांटो येथे शंभराव्या वर्षी त्यांनी तेच अंतर आठ तास अकरा मिनिटांत कापले. जन्माचा दाखला नव्हता म्हणून गिनीज बुकाने हा विक्रम नोंदवला नाही. सूफियांच्या धावांची नोंद तिथे झाली, फौजा सिंगांची झाली नाही. रस्ता मात्र दोघांनी स्वतःच्याच पायांनी तुडवला होता. कागदाविना ते अंतर एक पाऊलही कमी होत नाही. जुलै २०२५ मध्ये वाहनाच्या धडकेने फौजा सिंगांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय ११४ सांगण्यात आले.

पालकहो, मुलीच्या प्रकृतीला हे झेपेल काय, अशी शंका आपल्या मनात येत असेल. ही शंका एकट्या आपल्या समाजाची नाही. १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची आठशे मीटरची शर्यत झाली आणि ‘हे अंतर स्त्रियांना सोसत नाही’ असे म्हणून पुढे १९६० पर्यंत ती बंद ठेवली गेली. स्त्रियांना ऑलिम्पिक मॅरेथॉन मिळाली ती १९८४ साली. स्त्रियांचे शरीर या काळात बदलले नाही; बदलला तो पाहणाऱ्यांचा समज. मुलीला एकटी सोडण्याची काळजी वाटत असेल तर पहाटे तिच्याबरोबर बाप, भाऊ किंवा आई जाऊ शकते. चार मैत्रिणी एकत्र येऊ शकतात. अंगभर पोशाखातही धावता येते. नाही म्हणण्यापूर्वी सोय काय करता येईल, एवढा विचार घराघरांत व्हावा ही माझी विनंती आहे.

विद्यार्थ्यांना मात्र एक इशारा देतो. हे ऐकून उद्याच दहा किलोमीटर धावू नका. प्रथम चालणे, मग थोडे धावणे आणि थोडे चालणे. धावताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करा. अंतर आठवड्या-आठवड्याने थोडेथोडे वाढवा. हृदय आणि फुप्फुसे लवकर तयार होतात, पण हाडे आणि स्नायुबंध सावकाश. घाई करणारे तिथेच जायबंदी होतात. आठवड्यातून एकदोन दिवस विश्रांती घ्या. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

आज घरी गेल्यावर एका वहीत आजची तारीख लिहा आणि न थांबता किती मिनिटे धावता येते ते उद्या तिच्यात मांडा. पाच मिनिटे असली तर पाच लिहा. पुढच्या वर्षी या समारंभात कोणाला चषक मिळेल ते मी सांगू शकत नाही. परंतु त्या वहीतील पाचाचे तीस झाले असतील, तर ते तुम्हाला कोणी दिलेले नसेल आणि कोणी काढूनही घेऊ शकणार नाही.