सिटी चर्च, मोतेत आणि साथीविना गायन

पुण्यात क्वार्टर गेटजवळ असलेले सिटी चर्च पेशव्यांच्या सैन्यातील गोमंतकीय कॅथलिक शिपायांसाठी 1792 साली, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत स्थापन झाले. आणि ज्या गोव्यातून हे शिपाई आले, तेथे पोर्तुगीज धर्मगुरूंनी सोळाव्या शतकापासून युरोपीय उपासनासंगीत रुजविले होते. त्या काळच्या या संगीताचा गाभा म्हणजे बहुस्वरगायन, अर्थात अनेक गायकगटांनी निरनिराळ्या, तरी परस्परांशी जुळणाऱ्या चाली एकाच वेळी गाणे. रागसंगीतात एकच स्वरधारा विस्तारत जाते. येथे मात्र एका गटाची चाल दुसरा गट काही अंतराने उचलतो, तोवर पहिला पुढे सरकलेला असतो.

इटलीतील पालेस्त्रीना (मृत्यू 1594) यांच्या रचनांत ही पद्धत परिपक्व झाली. रोमच्या सिस्टाइन चॅपेलमध्ये वाद्यांची साथ नसे. अशा साथीविना गायनाला पुढे ‘आ कापेल्ला’, म्हणजे ‘चॅपेलच्या रीतीने’, असे नाव रूढ झाले. याच आदर्शातून इंग्रज संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स यांनी 1921 मध्ये जी मायनर स्वरातील ‘मास’, म्हणजे मिस्सा या उपासनाविधीच्या लॅटिन पाठाची रचना, एकल गायक आणि दुहेरी गायकवृंदासाठी सिद्ध केली.

गोव्यातील ‘मोतेत’ ही धार्मिक गीते ईस्टरपूर्व उपवासकाळात ख्रिस्ताच्या यातनांचे स्मरण करीत प्रामुख्याने लॅटिनमध्ये गायली जातात. त्यांतही अनेक आवाज गुंफले जातात. परंतु व्हायोलिन, क्लॅरिनेट यांसारख्या वाद्यांची साथ घेऊन ही परंपरा रोमच्या रीतीपासून वेगळी झाली आहे.